शेजारच्या सीटचं मत

तांबडा दिवा… असेल तिळाएवढा, पण पेटला की अख्ख्या डॅशबोर्डवर दुसरं काही दिसत नाही. पट्टा बांधलेला माणूस — माणूस कसला, एक टिंब आणि त्याखाली एक वाकडी रेघ — आणि त्याच्या जोडीला टिंग टिंग, आधी सभ्यपणे, मग हट्टाने, मग लहान मूल पदर ओढतं तसं. शेजारच्या सीटवर कोणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं. बसली होती हत्यारांची पिशवी. काच कापायचा हिरा, दोन पकडी, काचेच्या कडा भरायच्या लांबीचा डबा, सिलिकॉनच्या नळ्या, काच उचलायच्या रबरी मुठी — सगळं मिळून बारा-तेरा किलो. माणूस मानायला गाडीला तेवढं पुरतं.

त्याने गाडी कडेला घेतली, वाकून शेजारचा पट्टा ओढला, पिशवीच्या पोटावरून आणला आणि खटकन बसवला. दिवा गेला.

पहिल्या आठवड्यात तो पिशवी खाली, पाय ठेवायच्या जागी ठेवायचा. वळणावर ती आडवी व्हायची, आणि एकदा नळी फुटून नव्याकोऱ्या चटईवर सिलिकॉनचा ओघळ आला तो आला. मग मागे हौद्यात ठेवून पाहिली. पण हौद्यात घोडा — काचा तिरक्या उभ्या करायची लाकडी चौकट — आणि घोड्याशेजारी हत्यारं खडखडली की दर खडखडाटाला त्याच्या छातीत काहीतरी तडकायचं. शेवटी पट्टा. चार महिने झाले. हाताला सवय लागली की मन त्यात लक्ष घालत नाही… फक्त सिग्नलला शेजारी बस येऊन थांबली आणि वरून कोणी खाली बघायला लागलं, की तो उगाच पिशवीत हात घालायचा, काहीतरी शोधतोय असं दाखवायला.

दहाला सभा होती. सभा म्हणजे — फोनवर त्या बाईने सांगितलं होतं — "नव्या रूपातल्या आपल्या पिकअपबद्दल आम्हाला मालकांची मतं हवी आहेत." मतं! तीस वर्षं लोक त्याला माप विचारत आले, भाव विचारत आले, कधी येणार ते विचारत आले. मत कोणी विचारलं नव्हतं. तो लगेच हो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर आपण इतक्या घाईने हो म्हणालो याची त्याला लाज वाटली. पण आज सकाळी दाढी करताना त्याने मतं मनातल्या मनात रांगेत लावून ठेवली होती. एक, हौद्याच्या भिंती चार बोटं उंच केल्यात. आधीच्या गाडीत एकटा माणूस काच काठावर टेकवून आत सरकवायचा, आता आधी छातीपर्यंत उचलावी लागते. दोन, हातब्रेकचा दांडा जाऊन बटण आलंय. बटण ओढल्यावर गाडी थांबली की नाही ते हाताला कळत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. तीन… तिसरं काय होतं ते आता आठवत नव्हतं.

हॉटेलच्या तळघरात लांबट टेबल, आठ खुर्च्या, दर खुर्चीपुढे पाण्याचा ग्लास आणि नावाऐवजी धंदा लिहिलेली पाटी. त्याच्या पाटीवर 'काचकाम'. डाव्या हाताला 'रोपवाटिका' — पन्नाशीची, रुंद मनगटांची बाई. समोर 'गुरांचे डॉक्टर'. त्यांच्याशेजारी एक गुळगुळीत गृहस्थ, ज्यांच्या पाटीवर नुसतंच 'मालक' होतं. बाकीचे त्याने नीट पाहिले नाहीत, कारण त्याची नजर भिंतीतल्या आरशावर गेली होती. भिंतीत बसवलेला, चौकटीला जाड रबर, आणि रंग किंचित धुरकट. त्याने आयुष्यात असा एकच बसवला होता. ह्या बाजूने आरसा, त्या बाजूने खिडकी. म्हणजे पलीकडे माणसं बसली आहेत. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली.

"आमचे काही सहकारी पलीकडून ऐकताहेत," प्रश्न विचारणारी बाई हसत म्हणाली. तरुण होती, आवाज दवाखान्यातल्या नर्ससारखा, दुखतंय का असं विचारणारा. "तुम्ही मोकळेपणाने बोला. बरं-वाईट सगळं."

वाईटापासूनच सुरुवात झाली.

"समोरून बघितली तर कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते," रोपवाटिकावाली म्हणाली. "आधीचीचं तोंड कसं, शेजारीण दारात उभी असल्यासारखं होतं. नाव तेच ठेवलंत आणि तोंड बदललंत."

"चिडकी दिसते म्हणून तर लोक बाजूला होतात," मालक म्हणाले.

"तुम्ही हौद्यात काय नेता?" गुरांच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाही?"

"धूळ बसते, ती पुसतो."

सगळे हसले, तोही हसला. बरं वाटत होतं. इतक्या लोकांत एका टेबलाशी बसून हसायला किती दिवसांनी… डॉक्टर सांगत होते, स्क्रीनला हातमोजे चालत नाहीत, आणि गाईच्या पोटात हात घालून आल्यावर ते बोट स्क्रीनला कसं लावणार. रोपवाटिकावाली म्हणाली, पुढच्या सीटवर कुंडी ठेवली की टिंगटिंग. "झाडाला पट्टा लावायचा का मी? नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, लाव, निदान ते तरी ऐकेल तुझं."

पुन्हा हशा. प्रश्नवाली बाई लिहीत होती. मग मान वर करून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आणि काका, तुम्हाला? त्या आवाजाचा त्रास होतो?"

होतो, असं म्हणायचं होतं. मीही पिशवीला पट्टा लावतो, असं म्हटलं असतं तर आणखी एक हशा झाला असता आणि गाडी पुढे सरकली असती. पण रोपवाटिकावालीला नवरा होता, तिच्या झाडाला पट्टा लावण्यात गंमत होती. त्याच्या पिशवीत गंमत नव्हती. समोर तो धुरकट आरसा, त्यात तो स्वतः, कॉलर सारखी केलेला…

"नाही," तो म्हणाला. "बायको बसल्याबसल्या पट्टा लावते."

निसटलं. त्याने ऐकलं ते दुसऱ्या कोणी बोलल्यासारखं.

"त्या नेहमी असतात बरोबर?"

"असते ना. काचेला दुसरं माणूस लागतंच."

हे खोटं नव्हतं. लागतंच. तीन वर्षांपूर्वीपर्यंत काचेची दुसरी बाजू तिचीच होती. दुकानाच्या दर्शनी काचा, माणसाहून उंच, दोघांनी दोन टोकांना धरून गल्लीतून न्यायच्या — तो पुढे, उलट्या पावलांनी, ती समोर, त्याच्याकडे तोंड करून, मध्ये काच. काचेतून तिचा चेहरा दिसायचा आणि ओठ हलताना दिसायचे. पावलं मोजत असेल, असं त्याला वाटायचं. मग जुन्या गाडीत, इंजिनाच्या धडधडाटात, खिडकीकडे तोंड करून बसलेली… तेव्हाही ओठ हलत असायचे. तेव्हा त्याने ठरवलं होतं, गुणगुणते. काय गुणगुणते हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित थांबली असती.

"मग त्यांना कशी वाटली नवी गाडी?"

आरशापलीकडे कोणीतरी हललं असावं. टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडे बघत होते. आता माघार नव्हती, आणि खरं सांगायचं तर… त्याला माघार नकोच होती. तोंडात काहीतरी गोड आल्यासारखं झालं होतं.

"दार जड लागतं म्हणते," तो म्हणाला. "आणि पायरी उंच. गुडघे दुखतात तिचे. एक पाय वर टाकते आणि मग थांबते, वरच्या दांडीला धरते, मग दुसरा. दार मलाच लावून घ्यावं लागतं."

प्रश्नवाली बाई भराभर लिहीत होती.

"तो मधला खोका तिला आवडत नाही. दोन सीटच्या मधला. ग्लास ठेवायचा."

"का बरं?"

"आधीच्या गाडीत मध्ये काही नव्हतं. एकच लांब सीट."

रोपवाटिकावालीने मान हलवली. काय कळायचं ते तिला कळलं.

"आणि काही चांगलं?"

"आत आवाज येत नाही इंजिनाचा," तो म्हणाला, आणि आपला आवाज बदलला हे त्याला कळलं. "ती गुणगुणते. आधी नुसते ओठ दिसायचे. आता ऐकू येतं."

मालकांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "माझी तर बसतच नाही," ते म्हणाले. "म्हणजे मीच बसू देत नाही. चपलांची माती." या वेळी कोणी हसलं नाही.

"नशीबवान आहेत वहिनी," रोपवाटिकावाली म्हणाली.

सभा संपली तेव्हा बाकीचे जिन्याकडे गेले आणि प्रश्नवाली बाई त्याच्यापाशी आली. "काका, चालवणारे सगळेच बोलतात. शेजारी बसणाऱ्याचं मत आम्हाला मिळतच नाही. काकूंशी दहा मिनिटं बोलले तर चालेल? आज दुपारीच करते फोन, अहवाल आजच पाठवायचाय." तिने वही पुढे केली.

त्याने नंबर लिहिला.

तिचा. खरा. दहाच्या दहा आकडे, सुवाच्य, मापं लिहितो तसे. मग बाईने त्याला दोन किल्लीसाखळ्या दिल्या, एक तुमची, एक काकूंची, आणि तो 'थँक्यू' म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावलीच नाही. हॉटेलच्या काचेच्या दारातून अजून ती बाई दिसत होती, पाट्या गोळा करताना. उतरून जायचं, म्हणायचं, अहो, तो नंबर चुकला. एक आकडा चुकलाय. चारचा सात करा. बास. तेवढ्यानं भागलं असतं. वहीत लिहितानाच चारचा सात करता आला असता, आणि दुपारी कुठल्यातरी अनोळखी माणसाने राँग नंबर म्हणून फोन ठेवला असता… का नाही केला? हात! त्याने सगळं हातावर ढकललं. तीस वर्षं ह्या हाताने एकही आकडा चुकीचा लिहिला नाही. चुकीचा आकडा म्हणजे वाया गेलेली काच. हाताला खोटं लिहिता येत नाही. तोंडाला येतं, हे आज कळलं.

पण ते तितकंसं खरं नव्हतं. मी दिला. मला माहीत होतं मी काय करतोय. तिच्या फोनवर कोणीतरी माझं नाव घेईल, माझ्याबद्दल बोलेल, तिला थांबून उत्तर द्यावं लागेल — एवढंच मला दिसत होतं. पुढचं दिसत नव्हतं.

आता पुढचं दिसत होतं. बाई विचारणार, दार जड वाटतं का? आणि तिकडून, दोनशे किलोमीटरवरून, मुलीच्या घरातल्या त्या लहानशा स्वयंपाकघरातून, ती म्हणणार — कुठलं दार? मी त्या गाडीत बसलेच नाही. ती गाडी मी पाहिलीसुद्धा नाही. मग आरशापलीकडची माणसं, रोपवाटिकावाली… नाही, त्यांना कोण कळवायला बसलंय. पण तिला कळणार. आपल्यामागे हा माणूस टेबलाशी बसून आपल्याशी संसार करतोय, हे तिला कळणार.

भांडण झालं असतं तर बरं होतं. भांडणाला तारीख असते. ती मुलीच्या बाळंतपणाला गेली, दोन महिन्यांसाठी. मग बाळाला सारखी सर्दी. मग मुलीची नोकरी सुरू झाली, बाळाला कोण बघणार. मग थंडी आली आणि तिने शाल मागवली. त्याने शाल, स्वेटर आणि तिचा चष्मा असं खोक्यात घालून पाठवलं, आणि खोक्यात जागा उरली म्हणून तिच्या आणखी दोन साड्या घातल्या. ती जागा भरायला नको होती, असं त्याला नंतर वाटलं. येते असं ती म्हणाली नाही, ये असं तो म्हणाला नाही. तिला 'ये' म्हणायची गरज असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही — घर तिचंच, किल्ली तिच्याकडेही आहे. आधी रोज फोन, मग रविवारी, मग मुलगीच सांगायची, आई बरी आहे. तिच्याशी शेवटचं बोलणं सात महिन्यांपूर्वी. पाण्याच्या मीटरचा कागद कुठे आहे, त्याने विचारलं. कपाटात वरच्या खणात, ती म्हणाली. सापडला.

दुपारचं काम एका शिंपिणीच्या दुकानात होतं, पुढच्या काचेचं. मोठ्या काचांची कामं आता तो घेत नसे; विचारलं की हातात कामं भरपूर आहेत म्हणायचा. एकट्याला उचलेल तेवढीच काच, असं त्याने स्वतःशी ठरवून टाकलं होतं, आणि बघता बघता धंदा खिडक्यांवर आणि फोटोफ्रेमवर आला होता. ही काच त्या हद्दीवरची. एकट्याला जाईल… जायला हवी.

दुकानापुढे गाडी लावून तीन वाजता त्याने फोन हातात घेतला. आधी सांगून टाकू. म्हणू, एक बाई फोन करेल, तिला म्हण की — काय म्हण? तरी त्याने नंबर लावला. 'आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.' लागला. बाईचा फोन लागला.

लांबी उकरून त्याने जुन्या काचेचे तुकडे काढले. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. व्यस्त. चौकट घासली, पुसली. पुन्हा लावला. व्यस्त. 'मी त्या गाडीत बसलेच नाही' हे म्हणायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. वीस मिनिटं, बावीस मिनिटं ती एका परक्या बाईशी काय बोलतेय? तो हौद्यापाशी उभा राहिला, पंचविसावं मिनिट झालं तेव्हा अजून उभाच होता.

"मी धरू का दुसरी बाजू?" शिंपीण दारातून म्हणाली. गळ्यात टेप, दंडाला टाचण्यांची उशी.

नको, होईल — तोंडावर आलं होतं. पण हौद्याची भिंत चार बोटं उंच होती.

"धरा," तो म्हणाला.

घोड्यावरून त्यांनी काच उतरवली. तो उलट्या पावलांनी, ती समोरून. दोन पावलं गेली असतील, ती थांबली.

"अहो, काही बोला की. तुम्ही मुकाट चालताय. पायरी आली का, वळायचंय का, मला कसं कळणार?"

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "पायरी आहे. एक." मग म्हणाला, "आता डावीकडे." एवढं बोलायला त्याला श्रम पडले. शिंपीण मात्र काच चौकटीत बसेपर्यंत बोलत होती, तिच्या हाताची पकड, दुकानातली धूळ, मशीनचा पट्टा, सगळं. आणि काचेतून तिचे हलणारे ओठ बघताना त्याला एकदम भीती वाटली. कसली ते कळलं नाही.

घरी आला तेव्हा उजेड होता. हात धुतले. नखांतली लांबी निघेना म्हणून पुन्हा धुतले. चहा टाकला, आणि दूध घालायच्या आत फोन वाजला. तिचं नाव. तिचं नाव पडद्यावर कसं दिसतं तेच तो विसरला होता.

"हॅलो."

"अहो, मी."

"हं."

"एका बाईचा फोन आला होता."

पलीकडे भांड्यांचा आवाज आला, मग नळ बंद झाला.

"अर्धा तास बोलली. दार जड वाटतं का, पायरी उंच वाटते का…"

"मग?"

"मग काय. उंच आहे म्हणाले."

"तू कुठे बघितलीस?"

"तुम्ही घेणार ती गाडी उंचच असणार. आधीच्या गाडीला तरी कुठे माझा पाय पोचत होता." आवाजात हसू होतं की काय, नीट कळेना. "रंग मात्र विचारला तिने. आवडला का म्हणून. मला रंग माहीत नाही. म्हटलं, बरा आहे."

"राखाडी," तो म्हणाला.

"राखाडी. बरं. मी आधी सांगणारच होते तिला, अहो बाई, मी तिथे नसते. पण ती म्हणाली, काका म्हणाले तुम्ही एक पाय वर टाकता आणि थांबता, दांडीला धरता, मग दुसरा. आणि दार ते लावून घेतात. आता असं कोणी सांगितलंय म्हटल्यावर… तुमचं खोटं कशाला पाडू परक्या बाईपुढे."

चहा उतू चालला होता. त्याने हात लांब करून गॅस बंद केला.

"इतके प्रश्न विचारले तिने," ती म्हणाली. "बसायला नीट वाटतं का, पाठ दुखते का, कडेचं दिसतं का, लांबच्या प्रवासात कंटाळा येतो का. मी उत्तरं देत बसले. एवढे प्रश्न मला कोणी… तुम्ही तर नाहीच. चौतीस वर्षांत."

"हं."

"हं," तीही म्हणाली. चिडून नाही. आणि मग: "मी गुणगुणते म्हणालात."

"अगं, ते आपलं…"

"गुणगुणत नव्हते मी."

"मग?"

"बोलत होते. तुमच्याशीच. इंजिनात ऐकू जात नाही म्हणून बोलायचे. नाहीतर कुठलं बोलायला जमणार होतं."

त्याला बसावंसं वाटलं, पण खुर्ची लांब होती. ओट्याला टेकून तो उभा राहिला. पावलं मोजत असेल… गुणगुणत असेल… गल्लीगल्लीतून, एवढ्या काचा, एवढे रस्ते, आणि त्या सगळ्या वेळात ती बोलत होती आणि तो गाडी चालवत होता, समाधानाने.

"काय बोलायचीस?"

विचारलं त्याने. आपण विचारलं, हे त्याला विचारून झाल्यावर कळलं.

"काय काय. आता कुठं आठवतंय सगळं." पलीकडे नातीने काहीतरी पाडलं, ती 'आले गं' म्हणाली, फोन दूर गेला, जवळ आला. "शेवटी तिने विचारलं, हीच गाडी पुन्हा घ्याल का? दहापैकी किती? मी म्हटलं, विचार करून सांगते. ती म्हणाली, विचाराला वेळ नाही, अहवाल आजच जायचाय."

"मग किती सांगितलेस?"

"म्हटलं, रिकामं ठेवा." आणि मग, "चला, ही रडतेय. ठेवते."

"अगं —"

ठेवला होता.

दूध घालायचं राहिलं तसंच राहिलं. त्याने चहा गाळला, बिनदुधाचा, आणि कप घेऊन स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला. लाज वाटायला हवी होती. सकाळपासून तो त्या लाजेचीच वाट बघत होता, पण ती आली नाही. त्याऐवजी… भिंतीवर भांड्यांची फळी होती, खाली दोन डबे, एकावर तिने कधीतरी चिकटवलेली, आता वाचता न येणारी चिठ्ठी. तीन वर्षं हे घर गप्प होतं आणि त्याला ते बोचलं नव्हतं; माणूस नसलं की घर गप्प असतंच, त्यात काय, असं तो धरून चालला होता. आता तेच घर त्याला ऐकू येईना झालं होतं. कोणीतरी बोलत असावं आणि आपल्यालाच ऐकू येत नसावं, तसं. तो कान देऊन उभा राहिला. शेजारच्या खोलीत गेला, परत आला. पलंगाची तिची बाजू, खिडकी, कपाट…

काय बोलायची? रस्त्याबद्दल? माझ्याबद्दल? काहीतरी मागत असेल? का नुसतंच, ते बघा झाड केवढं वाढलंय, असलं काही? एकेका रस्त्याचा त्याला चेहरा आठवायला लागला — पुलाकडचा चढ, दवाखान्याची गल्ली, रविवारचं ओस पडलेलं मार्केट — आणि दर रस्त्यावर खिडकीकडे वळलेलं तिचं तोंड, आणि ओठ. हे सगळं विचारायला हवं होतं, एकेक करून. आता लावला तर ती म्हणेल, आत्ताच तर बोललो. उद्या लावला तर म्हणेल, मीटरचा कागद हरवला का पुन्हा.

फोन हातात होता. पडदा काळा झाला की तो अंगठ्याने उजळवत होता, पुन्हा काळा होऊ देत होता.

इतके दिवस ह्या घरात कोणी नव्हतं. आज ती नव्हती. हा फरक कुणाला सांगता येण्यासारखा नव्हता, आणि तो इतका मोठा होता की कप कुठे ठेवावा हेसुद्धा त्याला सुचेना.